तिसऱ्या दिवशी कुदळ: टांझानियात मिशनवर जाणाऱ्यांसाठी

स्वाहिलीत एक म्हण आहे: ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे.’ पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. टांझानियात मिशनवर निघालेल्या फादर, सिस्टर, पाळक आणि प्रापंचिकांनी सामान बांधण्याआधी ही म्हण पाठ करावी. तिथली माणसं फार अगत्याची आहेत आणि पहिल्या वर्षी हे अगत्यच आडवं येतं. घरातली एकुलती एक खुर्ची तुम्हाला मिळते, थर्मासमधला चहा आधी तुमच्या कपात पडतो. त्या खुर्चीला चिकटून राहिलात तर पाच वर्षांनीही पाहुणेच राहाल. खाली लिहिलंय ते खुर्चीवरून उठायचं कसं, याबद्दल.

सामान आणि कागद

कागदांचं थोडक्यात. मिशनऱ्यांना ‘सी’ वर्गाचा रहिवासी परवाना लागतो आणि तिथला धर्मप्रांत किंवा मंडळी तुमच्या वतीने अर्ज करते. परवाना हातात येईपर्यंत सेवेला सुरुवात करू नका, धर्मप्रांत अडचणीत येतो. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. केनिया किंवा युगांडामार्गे परतलात तर भारतातल्या विमानतळावर ते मागतात.

१ जून २०१९ पासून टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. मसाले, चटण्या, पापड कापडी पिशव्यांत किंवा झाकणाच्या डब्यांत भरा. तिथले प्लग तीन चपट्या पिनांचे असतात, आपल्या गोल पिना बसत नाहीत. दोन अडॅप्टर घ्या. विजेचा मीटर बहुतेक ठिकाणी आधी पैसे भरून चालणारा असतो, त्याला ‘लुकू’ म्हणतात. मोबाइलवरून पैसे भरले की २० आकडी क्रमांक येतो, तो मीटरवर दाबायचा. शनिवारी संध्याकाळीच शिल्लक पाहून ठेवा, रविवारच्या मिस्सेआधी अंधार व्हायला नको.

तूरडाळ वाहून नेऊ नका. तिथे तुरीला म्बाझी म्हणतात आणि टांझानिया ती भारतालाच विकतो. किनाऱ्यावर हीच तूर नारळाच्या दुधात शिजवून सकाळी मांदाझीबरोबर खातात. मांदाझी म्हणजे तळलेली, जरा गोडसर फुगीर पोळीच. न्यायचाच तर तीन लिटरचा प्रेशर कुकर न्या, दोन जादा रबरी रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्हसकट. कोळशाच्या शेगडीवर राजमा उघड्या भांड्यात दोन-दोन तास घेतो आणि कोळसा विकत घ्यावा लागतो. रिंग मात्र लहान गावात मिळेल याचा भरवसा नाही.

दादा म्हणजे ताई

पहिले चार महिने भाषेला द्या, दुसरं काही नको. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, मुसोमाजवळ माकोकोला मिशनऱ्यांसाठी जुनी भाषाशाळा आहे. अशा शाळेत जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर गावातल्या निवृत्त शिक्षकाकडे रोज दोन तास बसा. वरिष्ठ म्हणतील, ‘काम करता करता शिकाल.’ असं शिकणारा माणूस प्रवचनापुरतं शिकतो आणि विहिरीवर, बाजारात मुका राहतो. मैत्री तर विहिरीवर आणि बाजारातच होते.

मराठी माणसाला स्वाहिली परकी वाटत नाही. पेसा, चाय, चपाती, गारी ओळखीचेच. लाकी म्हणजे लाख, गुनिया म्हणजे गोणी, बांगिली म्हणजे बांगडी, काचुंबारी म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. पण नात्यांचे शब्द हमखास घोळात पाडतात. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण. ‘काका’ म्हणजे भाऊ. ‘मामा’ म्हणजे आई आणि आईच्या भावाला ‘म्जोंबा’. ‘बाबा’ तेवढा बापच. ‘बिबी’ म्हणजे आजी, ‘बाबू’ म्हणजे आजोबा. पंधरा दिवस हे शब्द मोठ्याने घोका, नाहीतर चर्चच्या दारात तरुण मुलाला ‘दादा’ म्हणून हाक माराल आणि पोरीबाळी हसू दाबतील. बाईला तिच्या नावाने हाक मारू नका. थोरल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव विचारून घ्या आणि म्हणा ‘मामा नेएमा’, नेएमाची आई. आपल्याकडच्या आळीतही हीच रीत आहे, म्हणून ती लगेच जमते.

घड्याळाचं वेगळं शिकावं लागतं. तिथे दिवस सकाळी सहाला सुरू झाला असं धरून तास मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. नऊ म्हणजे ‘सा तातू’, तीन. सोपी युक्ती अशी: काट्यांचं घड्याळ वापरा आणि तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. सातच्या समोर एक, नऊच्या समोर तीन. इंग्रजीत वेळ ठरवली तर इंग्रजी घड्याळ, स्वाहिलीत ठरवली तर स्वाहिली घड्याळ. दोन भाषांची सरमिसळ झाली की एक जण सहा तास आधी येतो, दुसरा सहा तास उशिरा. शंका आली तर ‘सकाळी की दुपारी’ हे आवर्जून विचारा.

दारात

कुणाच्याही अंगणात शिरताना लांबूनच ‘होदी!’ म्हणा. आतून ‘कारिबू’ आलं की पुढे व्हा. तीनदा म्हणूनही उत्तर आलं नाही तर परत फिरा. खिडकीतून डोकावणं वाईट समजतात. चपला दाराबाहेर.

वयाने मोठ्या माणसाला ‘शिकामो’. ते ‘माराहाबा’ म्हणतील. हा नमस्कार लहानाने आधी करायचा, मग तुम्ही फादर असा की बिशप. सत्तरीच्या आजीने तुम्हाला ‘फादर’ म्हणून आधी वंदन करण्याच्या आत तुमचा ‘शिकामो’ गेला पाहिजे. गावात तुमच्याबद्दल जी पहिली गोष्ट पसरते ती बहुतेक वेळा हीच असते. कॅथलिकांत ‘तुम्सिफू येसू क्रिस्तो’ म्हणतात, उत्तर ‘मिलेले ना मिलेले, आमिना’. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘ब्वाना येसू आसिफिवे’, उत्तर ‘आमेन’. तरुण पोरं ‘माम्बो’ म्हणतील, त्यांना ‘पोआ’ म्हणा. ते मोठ्यांशी वापरू नका.

त्यानंतर ‘हाबारी’ची, म्हणजे ‘काय खबर?’ची, माळ लागते. घरची हाबारी, मुलांची, कामाची, शेताची, प्रवासाची. प्रत्येकाला ‘न्झुरी’ म्हणजे छान असं उत्तर द्यायचं, घरात आजारपण असलं तरी. खरी बातमी नंतर, बसल्यावर, हळूच निघते. नवखा मिशनरी इथेच चुकतो: दोन वाक्यांत ‘सभेला याल ना?’ विचारतो. समोरचा ‘हो’ म्हणतो आणि येत नाही, कारण ज्याने मुलांची विचारपूस केली नाही त्याच्या सभेला काय जायचं? कामाचं बोलणं आधी पाच मिनिटं अडवून धरा.

हात हातात घेतला की लगेच सोडायचा नसतो. पुरुष मित्र एकमेकांचा हात धरून रस्त्याने चालतात, त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. वस्तू द्यायची-घ्यायची उजव्या हाताने. मोठ्यांकडून घेताना डावा हात उजव्या कोपराला लावा.

निघताना यजमान तुमच्याबरोबर चालू लागतो. याला ‘कुसिंदिकिझा’ म्हणतात, वाटेपर्यंत पोचवणं. ‘राहू द्या, जाईन मी’ म्हणू नका. बोलायची खरी गोष्ट पुष्कळदा याच दोनशे पावलांत निघते: नवऱ्याचं पिणं, मुलीची फी, भावाशी भांडण. तुमच्या घरी कुणी आलं तर तुम्हीही फाटकापर्यंत नव्हे, मोठ्या आंब्यापर्यंत तरी जा.

या सगळ्यासाठी गाडी घरी ठेवावी लागते. गाडीतून दिसणारा फादर हा लोकांच्या लेखी ड्रायव्हर आणि अँब्युलन्स असतो. रोज संध्याकाळी पाचला, एकाच वाटेने, तासभर पायी चाला. लांब जायचं तर दाला-दाला ही मिनीबस आहे, बोडा-बोडा ही मोटरसायकल आहे आणि तीनचाकी आहे. तिला तिथे ‘बजाजी’च म्हणतात, पुण्याच्या कंपनीच्या नावावरून.

उगालीचा गोळा

हातावर पाणी घालायला यजमानीण तांब्या आणि तसराळं घेऊन येते. उजवा हात नीट धुवा, कारण पुढचं सगळं हातानेच आहे. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. छोटा गोळा तोडायचा, तळहातात वळायचा, अंगठ्याने मध्ये खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. म्चिचा म्हणजे आपला माठ, दागा म्हणजे सुकटीसारखी बारीक सुकी मासळी. कोकणातल्या आणि वसईच्या माणसाला ती पहिल्याच दिवशी घरची वाटते.

उगाली स्वतः करायला शिका. पाव्हण्याला ती घालता आली की शेजारीण तुमच्या चुलीपाशी येऊन बसते. चौघांसाठी एक लिटर पाणी आणि साधारण अर्धा किलो पीठ. मूठभर पीठ आधी थंड पाण्यात कालवून ते पाण्यात सोडा आणि ढवळत उकळी आणा, पेजेसारखं दिसेल. तिला दोन-तीन मिनिटं रटरटू द्या. मग उरलेलं पीठ मुठी-मुठीने घालत म्विको या लाकडी चपट्या उलथन्याने भांड्याच्या कडेला दाबून-दाबून परतत राहा. आठ-दहा मिनिटांत गोळा कडा सोडतो आणि कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजलेल्या कणसाचा वास येतो. सगळं पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या कितीही रगडल्या तरी आतून कोरड्या राहतात. लवकर उतरवलं तर पोट फुगतं. पिठात ‘सेंबे’ म्हणजे पांढरं, चाळलेलं. ‘दोना’ म्हणजे कोंड्यासकट. दोना जास्त पोषक असतं, पण पाहुण्याला सेंबे घालायची पद्धत आहे.

ताटातलं सगळं संपवलं की पुन्हा वाढतात. पोट भरलं असेल तर ‘निमेशिबा’ म्हणा आणि ताटात थोडं राहू द्या. पाण्याचा पेला आला आणि पाण्याची खात्री नसेल तर चहा मागा. तो उकळलेला असतो आणि नाही म्हटल्यासारखंही होत नाही. स्वतःच्या घरी पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसंच ठेवा, २,००० मीटरपेक्षा उंच भागात तीन मिनिटं. निवल्यावर तोटीच्या झाकणबंद भांड्यात भरा; पिंपात पेला बुडवला की उकळण्यावर पाणी फिरलं.

‘नाओंबा’

हा शब्द नीट समजला नाही म्हणून कित्येक चांगल्या मिशनऱ्यांची मनं कडू होतात. ‘नाओंबा’चा शब्दशः अर्थ ‘मी मागतो’. पण रोजच्या बोलण्यात तो निव्वळ सौजन्याचा शब्द आहे: हॉटेलात ‘नाओंबा चाय’, दुकानात ‘नाओंबा साबुनी’. नवख्याला वाटतं, जो तो आपल्यापाशी मागतोय. मागणं ही तिथे जवळीक आहे. ज्याच्याकडे मागता येतं तो आपला. म्हणून त्यावरचा उपाय तिजोरीला कुलूप हा नव्हे. तुम्हीही मागायला लागा. शेजारणीकडे मीठ मागा, शेजाऱ्याकडे कोयता मागा, मुलाकडे दोन शब्दांचा अर्थ मागा. देणं एकाच बाजूने चाललं की मैत्री उरत नाही, दाता आणि याचक उरतात. मिशनरी पुष्कळ देतात आणि घ्यायला लाजतात, हा आमच्या मते या कामातला सगळ्यात मोठा दोष आहे. गरीब विधवा कोंबडी देते तेव्हा ती नाकारू नका, पैसे तर मुळीच देऊ नका. घ्या, दोन्ही हातांनी घ्या. महिन्याभराने साखरेचा पुडा घेऊन तिच्या दारात ‘होदी’ म्हणा.

मोठ्या रकमेचं मात्र आधीच ठरवून ठेवा. फी, औषधं, छप्पर यांची मागणी येणारच. खिशातून गुपचूप देऊ नका. धर्मग्रामाच्या समितीसमोर ठेवा, कारण कोण खरा अडला आहे हे तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. गुपचूप दिलेलं आठवड्यात गावभर होतं आणि ज्यांना मिळालं नाही ते दुरावतात. उसने देताना परत आले नाहीत तरी चालेल इतकेच द्या. नकार तोंडावर ‘नाही’ म्हणून देत नाहीत. ‘सिना क्वा सासा’, सध्या नाहीत, एवढं पुरतं. ‘बादो’ हाही कामाचा शब्द आहे: ‘अजून नाही’. लग्न झालं का, असं फादरलासुद्धा विचारतात. ‘बादो’वर सगळे हसतात, मग व्रताबद्दल सांगता येतं.

लग्नासाठी छापील कार्ड येतं, ते निमंत्रण नसून वर्गणीचं असतं, ‘म्चांगो’. आपल्या आहेराच्या वहीसारखी तिथेही वही असते. सगळ्यांना सारखीच माफक रक्कम द्या आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. बाहेरगावाहून परतलात की मुलं विचारणार, ‘झावादी?’ आपल्याकडे खाऊ विचारतात तसं. बस थांबते तिथे केळ्यांचा फणा किंवा डझनभर संत्री घ्या. रिकाम्या हाताने परत येऊ नका.

मयताच्या घरी

मैत्रीची खरी परीक्षा ‘म्सिबा’ला, म्हणजे मयताच्या घरी होते. निरोप येताच हातातलं काम टाका. पुरुष बाहेर बाकांवर बसतात, बायका आत चटयांवर. सिस्टरांनी कमरेला कांगा, म्हणजे तिथलं रंगीत सुती वस्त्र, गुंडाळून आत जाऊन जमिनीवर बसावं. ‘पोले साना’, फार वाईट वाटलं, एवढंच म्हणा. उपदेश नको, वचनं नकोत, ती प्रार्थनेच्या वेळी. दोन-तीन तास नुसतं बसा. मोबाइल बंद. पाकिटातले ‘रांबिरांबी’चे, म्हणजे सांत्वनाचे, पैसे वही घेऊन बसलेल्याकडे द्या. शेजारी पाळीपाळीने कबर खणतात, तेव्हा फावडं तुमच्याही हातात घ्या, दहा मिनिटं का होईना. कुणी थट्टामस्करी करताना दिसलं तर दचकू नका. काही जमातींमध्ये परस्परांशी ‘उतानी’चं नातं असतं आणि दुःखात हसवणं हे त्यांचं कर्तव्यच असतं.

‘म्हिंदी’

तुम्ही कितीही झगा घाला, रस्त्यावरची मुलं ‘म्हिंदी!’ म्हणून हाक मारणार, म्हणजे भारतीय. भारतीय म्हणजे दुकानदार, पैसेवाला, घरात नोकर असलेला, ही प्रतिमा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तिच्यात काही कटू आठवणीही आहेत. वाद घालू नका, वागण्याने मोडा. स्वयंपाकाला मदत करणाऱ्या बाईला त्याच टेबलावर जेवायला बसवा. रविवारची दुपार दर वेळी शहरातल्या गुजराती किंवा गोवेकर कुटुंबाकडे काढू नका. महिन्यातून एकदा जा, मनसोक्त जेवा, मराठी-कोंकणी बोलून या.

भारताशी आलेला संबंध फक्त दुकानांचा नव्हता, हे तिथल्या शिक्षकांशी बोलताना सांगण्यासारखं आहे. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली. त्यातला जेकब वेनराइट १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या वेळी चितांबो गावी होता. हृदय तिथेच पुरलं तेव्हा दफनविधीची प्रार्थना त्याने वाचली, झाडावर नाव कोरलं आणि सोबत्यांबरोबर तो देह शेकडो मैल पायी बागामोयोच्या किनाऱ्यापर्यंत आणला.

मुसलमान शेजाऱ्यांशी धर्मावर जाहीर वाद टाळा. रमजानमध्ये ‘फुतारी’चं, म्हणजे उपवास सोडण्याचं बोलावणं आलं तर जरूर जा, खजूर घेऊन जा.

मिशनच्या घरात

आत पोलंडचा एक, नायजेरियाचा एक, इंडोनेशियाचा एक आणि तुम्ही. भांडणं विश्वासाच्या मुद्द्यावर होत नाहीत. गाडीची किल्ली, जनरेटरचं डिझेल आणि तिखटावरून होतात. गाडीत वही ठेवा: तारीख, किलोमीटर, डिझेल, कुणी नेली. तिखट वेगळ्या वाटीत. सोमवारी रात्री सगळ्यांनी एकत्र जेवून अर्धा तास बोलायचं, पाहुणा नको, टीव्ही नको. दोघे मराठी असाल तर इतरांसमोर मराठी बोलू नका.

भेटींना एकटं जाणं टाळा, धर्मशिक्षकाला बरोबर घ्या. अंगणात किंवा पडवीत बसा. लहान मुलाला एकटं गाडीत नेऊ नका.

ताप आला की ‘प्रवासाचा थकवा’ म्हणू नका. २४ तासांच्या आत दवाखान्यात मलेरियाची तपासणी करा. आर्टेमीथर-लुमेफँट्रिन दिलं तर तीन दिवसांत सहा डोस असतात आणि ते दूध किंवा शेंगदाण्यासारखं स्निग्ध काही खाऊन घ्यायचे. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून सोडलं की तो उलटतो. सुट्टीवर महाराष्ट्रात आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘मी आफ्रिकेतून आलोय’ हे पहिलं वाक्य असू दे. आजारी असाल तेव्हा शेजारी बसायला येतात, न बोलता बसतात. त्यांना बसू द्या.

घरी फोन करताना भारत अडीच तास पुढे आहे हे ध्यानात ठेवा. तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे आईचे साडेनऊ. जेवणानंतर केलात तर ती झोपलेली असेल.

आणि कुदळ. मध्य टांझानियात नोव्हेंबरच्या सुमारास, पावसाच्या तोंडावर, ‘जुमुइया’ म्हणजे शेजारच्या घरांचा लहान ख्रिस्ती समूह एखाद्या म्हातारीचं शेत मिळून खणतो. उसनी कुदळ घेऊन जाऊ नका. दुकानात नुसतं पातं मिळतं. दांडा गावातल्या सुताराकडून करून घ्या, तुमच्या छातीच्या उंचीपेक्षा जरा कमी. दांड्याचं जाड टोक पात्याच्या भोकात घट्ट ठोकून रात्रभर पाण्यात ठेवा. लाकूड फुगतं आणि पातं सुटत नाही. ही रात्र वाचवली तर दहाव्या घावाला पातं उडून शेजाऱ्याच्या पायावर जातं. पहिल्या दिवशी हाताला फोड येतात, फडकं बांधा. निरोप बहुधा ‘सा कुमी ना म्बिली’चा येईल, बारा वाजताचा. घड्याळात समोरचा आकडा पाहा आणि पहाटे सहाला बांधावर हजर राहा.